पाय धुतलेलं यंत्र

“सोबत पुस्तक आलंय. आबा, त्यात काय लिहिलंय ते आधी वाचा,” असं माझा व्याही केराप्पा म्हणाला आणि ओसरीवर बसलेल्या दहा-बारा माणसांनी माझ्या चष्म्याकडं बघितलं.

चष्मा खरा होता. बाजारात जनावराचे दात जवळून बघावे लागतात, त्यासाठी तो घेतलेला. पण त्या चष्म्यातून मला एक अक्षर वाचता येत नव्हतं, आणि ही गोष्ट माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही अशी माझी खात्री होती. माझी बायको हौसा स्वतः शाळेत गेली नव्हती, त्यामुळं कोण वाचतं आणि कोण नुसतं बघतं हे तिला ओळखता येत नसे. रोज सकाळी मी ओसरीवर वर्तमानपत्र उघडायचो, दोनदा हुंकार द्यायचो, एकदा मान हलवायचो आणि घडी घालून ठेवायचो. गावात मी वाचणारा माणूस समजला जायचो.

मी म्हाकू मेटकरी. उभा जन्म म्हशींच्या व्यापारात गेला. सांगोल्याच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदे केले, तिथं अक्षरं लागत नाहीत. पुढं चार लोकांनी मला गावच्या शाळा समितीचा अध्यक्ष केलं. मी नको म्हणायला पाहिजे होतं. पण नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. मग मी सही तेवढी शिकलो. शिकलो म्हणजे, मेंढरावर डाग देतात तशी ती खूण हाताला पाठ केली. त्या खुणेच्या जोरावर मी पाच वर्षं शाळेचे ठराव मंजूर करत होतो.

तर ते यंत्र. माझा मुलगा बिरा फौजेत होता, पार तिकडं आसामात. त्याला पहिली मुलगी झाली आणि बारशाला रजा मिळाली नाही. शालनचं, म्हणजे आमच्या सुनेचं, बाळंतपण माहेरी झालं होतं. सव्वा महिन्यानं ती लेकरू घेऊन आली आणि बारसं आमच्याच दारात व्हायचं असं मी हट्टानं ठरवलं. बिरानं रजेवर येणाऱ्या एका दोस्ताबरोबर एवढा मोठा टेप पाठवला. मधे गोधडीच्या घडीएवढं यंत्र, आणि दोन बाजूंना आवाजाच्या दोन लाकडी पेट्या. वर एक कॅसेट, तीत बिराचा स्वतःचा आवाज. दोस्ताची एसटी निघायला आली होती. त्यानं खोकं ओसरीवर टेकवलं, कॅसेट माझ्या हातात दिली, पाणीसुद्धा न पिता पळाला. आम्ही ठरवलं, उद्या बारशाला पाळण्याजवळ हीच कॅसेट लावायची. बाप नाही तर बापाचा आवाज तरी.

केराप्पा बारशासाठी आदल्या दिवशीच आला होता. साखर कारखान्यात तो हजेरी क्लार्क, खिशाला दोन पेनं. घरी त्याच्याकडं लहानसा टेप होता, त्यामुळं अशा वस्तूंतलं आपल्याला कळतं असं त्याचं मत होतं. खोकं त्यानंच उघडलं. पुस्तकही त्यानंच आधी हातात घेतलं, चाळलं, आणि “माझा वाचायचा चष्मा क्वार्टरवर राहिला,” असं म्हणून माझ्याकडं दिलं.

मी पुस्तक उघडलं. गुळगुळीत कागद. ओळीवर ओळी, मुंग्यांची रांग लागावी तशा. मधे यंत्राची चित्रं आणि बाण. मी हुंकार दिला. कुणी हललं नाही. मी मान हलवली. तरी कुणी हललं नाही.

“मोठ्यानं वाचा की,” केराप्पा म्हणाला. “आम्हालाबी कळू दे.”

घरात नवीन वस्तू आली की काय करतात हे मला एकाच वस्तूबद्दल ठाऊक होतं. मी डोळे मिटले असते तर मला म्हैसच दिसली असती. मी डोळे उघडे ठेवले आणि वाचायला लागलो.

“आणल्या दिवशी कामाला लावू नये,” मी म्हणालो. “लांबून आलेलं आहे. एक दिवस नुसतं घरात ठेवावं. इथली हवा अंगाला लागू द्यावी.”

लोकांनी माना डोलावल्या. मला धीर आला. मी पान उलटलं.

मग मी काय काय वाचलं ते आता आठवलं तरी हसू येतं. भिंतीला चिकटवून उभं करू नये, चारी बाजूंनी वीतभर मोकळं सोडावं, त्याला श्वास लागतो. पाठीवर काही ठेवू नये. चुलीजवळ नको, उन्हात नको. त्याची दावण त्याला एकट्याला असावी, तिथं दुसरं काही बांधू नये. पहिल्या दिवशी जोरात हाकारू नये, हळू सुरू करून मग वाढवावं. शेवटी मला त्याची वायर दिसली. तिच्या टोकाच्या प्लगला तीन पाय होते, दोन बारीक आणि एक जाड. आमच्या भिंतीतल्या बोर्डाला भोकं दोनच. जनावराला सगळं दिलं आणि खुंटा दिला नाही तर काय उपयोग, असं माझ्या मनात आलं.

“दोन पाय वैरणीचे,” मी वाचलं. “तिसरा जाड पाय जमिनीला बांधावा. खुंटा पक्का नसल्यास यंत्र लाथ मारतं.”

केराप्पा हसला. त्याच्या क्वार्टरमधला टेप दोन पायांवर चार वर्षं चालला होता, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. त्यावर मी पुस्तक मिटून छातीशी धरलं आणि म्हणालो की तुमच्या टेपाचं पुस्तक वेगळं असेल. त्यानं खिशातली पेनं सारखी केली. मला तेव्हा वाटलं, जिंकलो.

नाराज झाली ती हौसा. यंत्रावर घालायला तिनं एक रुमाल काढून ठेवला होता, लोकरीचा, चार कोपऱ्यांना चार पोपट. पाठीवर काही ठेवू नये म्हटल्यावर पोपट परत पेटीत गेले. असलं कसलं पुस्तक, ज्याला वस्तू झाकलेली चालत नाही, असं ती शालनजवळ म्हणाली. शालन बाळाला पाजत कोपऱ्यात बसली होती. ती नुसती माझ्याकडं बघत होती, आणि मला ते बघणं आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराचा मुहूर्त. दहा वाजता पाळणा सजला. माझी लेक सोजर, बाळाची आत्या, नाव ठेवायला नवीन लुगडं नेसून तयार. यंत्र ओसरीवर एका स्टुलावर, भिंतीपासून वीतभर लांब. पाहुण्यांच्या गडबडीत राहिलेली धार मी गोठ्यात काढत होतो. केराप्पा म्हणाला होता की वायरीचं काय ते मी बघतो. म्हणजे त्यानं काय केलं, तर ब्लेडनं तो तीन पायांचा प्लग कापून टाकला, दोन वायरींची टोकं सोलली आणि ती बोर्डाच्या दोन भोकांत आगकाड्यांनी घट्ट बसवायचं ठरवलं. तिसरी वायर त्यानं दुमडून मागं बांधून टाकली.

एवढ्यात हौसा आली. एका हातात आरतीचं ताट, एका हातात पाण्याचा तांब्या.

नवी म्हैस दारात आली की तिचे पाय धुतात. हळदकुंकू लावतात, ओवाळतात, भाकरीचा तुकडा देतात, मगच ती घरची होते. हौसानं आमच्या दारात अशा शंभर म्हशींचे पाय धुतले असतील. आणि आदल्या दिवशी तिनं माझं वाचन नीट ऐकलं होतं. ती मला नंतर म्हणाली, “सगळं म्हशीवाणीच लिहिलेलं होतं. पाय धुवायचं तेवढं छापायचं राहिलं असेल, असं वाटलं मला.”

यंत्राला खाली रबराचे चार पाय होते. तिनं चारही धुतले. शेवटचा पाय मागच्या अंगाला होता, तिथं हात पोचेना, म्हणून तिनं तांब्या वरूनच ओतला. नंतर हळदीची बोटं, कुंकू, आणि यंत्राला जिथं झरोके होते तिथं भाकरीचा तुकडा. मी दुधाची चरवी घेऊन ओसरीवर आलो तेव्हा ती ओवाळत होती. स्टुलावरून पाणी ठिबकत होतं आणि खालची शेणानं सारवलेली जमीन काळी पडली होती.

केराप्पा खो खो हसला. मग त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला आणि यंत्र वरून पुसलं. मुहूर्ताला दहा मिनिटं होती. बायका पाळण्याभोवती जमल्या होत्या. तो त्या ओल्या जमिनीवर अनवाणी उकिडवा बसला, वायरींची दोन उघडी टोकं एका हातात, दोन आगकाड्या दातांत.

आता जे सांगतो ते मी कुठल्या पुस्तकातून काढलेलं नव्हतं. माझी एक म्हैस होती, चंद्री. चार वर्षांमागं एका पावसाळी दिवशी ती विजेच्या खांबाजवळून चालली होती. खांबाच्या बुडाशी पाणी साठलेलं. चंद्री एकदम थांबली, कान मागं टाकले, आणि उभ्या उभ्या कोसळली. तिच्या अंगाला हात लावायला धावणाऱ्या गड्याला मी काठीनं हाणून मागं ढकललं होतं, म्हणून तो जगला. ओली जमीन आणि वीज एकत्र आली की काय होतं हे मला अक्षरांवाचून कळत होतं.

मी चरवी तिथंच सोडली. दूध सांडलं. मी केराप्पाचं मनगट धरलं.

“पावणं, हात मागं घ्या.”

“का?”

“ओलं आहे.”

“पुसलंय की.”

“वरून पुसलंय. आत पाणी गेलंय. खालची भुई ओली, तुमचे पाय ओले. आज हे लावायचं नाही.”

केराप्पानं दातांतल्या काड्या काढल्या. बायकोसमोर, विहिणीसमोर, सगळ्या बायकांसमोर मी त्याचं मनगट धरलं होतं. त्याचा चेहरा लाल झाला. आदल्या दिवशीचा त्याचा राग उरला होताच.

“असं पुस्तकात कुठं लिहिलंय?” तो म्हणाला. “दाखवा. मग नाही लावत.”

मी म्हणालो की लिहिलेलं आहे. तो म्हणाला की बोट ठेवून दाखवा. सोजर आतून पुस्तक घेऊन आली आणि माझ्या हातात दिलं.

मी ते उघडलं. तीच मुंग्यांची रांग. म्हैस इथं काही उपयोगाची नव्हती. ही ओळ म्हणावी का ती, हे मला कळेना. चुकीच्या ओळीवर बोट ठेवलं तर हा माणूस वाचून बघणार, हसणार, वायर लावणार, आणि चंद्रीसारखा पडणार. मला वाचता येत नाही असं सांगितलं, तरी हसणार आणि लावणारच. कारण मग कालचंही सगळं खोटं ठरणार. माझी मनगटावरची पकड सुटली आणि मोकळं झालेलं बोट पानावर नुसतं फिरायला लागलं. पाळण्याजवळच्या बायका पुढं सरकल्या होत्या. आपला अध्यक्ष काय वाचतो ते ऐकायला.

तेवढ्यात शालननं बाळ सोजरकडं दिलं आणि ती पुढं आली. सासऱ्याच्या आणि बापाच्या मधे अशी ती कधी उभी राहिली नव्हती.

“काय मामा तुम्ही,” ती मला म्हणाली, “पुढचं पान उघडून बसलात. हे काय, इथं आहे.” तिनं दोन पानं मागं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. बाळाला लावायच्या हळदीनं तिचं बोट पिवळं होतं. ती वाचायला लागली, शाळेत वाचतात तसं, एकेक शब्द तोडून. “यंत्रास पाणी लागल्यास ते आतून पूर्ण सुकेपर्यंत विजेस जोडू नये. जोडल्यास जोडणारा माणूस दगावेल.”

‘दगावेल’ या शब्दावर तिची आई मटकन खाली बसली.

केराप्पानं लेकीच्या हातातलं पुस्तक घेतलं. हात लांब करून धरलं, डोळे बारीक केले, त्या पिवळ्या डागाकडं बराच वेळ बघितलं.

“हो,” तो शेवटी म्हणाला. “हे बरीक खरं आहे.”

आणि त्यानं वायर खाली ठेवली.

बारसं यंत्रावाचून झालं. सोजरनं बाळाच्या कानात वैजयंता असं नाव सांगितलं, बायकांनी सोजरच्या पाठीत मुठी घातल्या, घुगऱ्या वाटल्या. मी ओसरीच्या खांबाला टेकून बसलो होतो. शालन घुगऱ्या घेऊन आली तेव्हा तिच्याकडं बघायचं मला होईना. ज्या सुनेला वाचता येतं तिनं काल माझं सगळं म्हशीचं वाचन ऐकलं होतं आणि तोंडातून शब्द काढला नव्हता. तिला सगळं कळलं होतं. आता उभा जन्म तिच्या उपकारात काढायचा, असं मनाशी धरून मी घुगऱ्या खाल्ल्या.

तिसऱ्या दिवशी तालुक्याहून रशीद वायरमन आला. त्यानं यंत्राचं झाकण काढलं. आत हळदीचं पाणी अजून तळाशी होतं, आणि भाकरीचा तुकडाही. त्यानं सगळं पुसलं, वारं लागेल असं सावलीत दोन दिवस उघडं ठेवायला सांगितलं. मग घराच्या मागं खड्डा खणला, त्यात धातूची पट्टी, मीठ आणि कोळसा घातला आणि तिथून एक तार बोर्डापर्यंत आणली. जुना बोर्ड काढून तीन भोकांचा नवीन बसवला. कुठंही वीज गळाली तर ती या तारेनं जमिनीत जाईल, माणसाच्या अंगातून जाणार नाही, असं त्यानं समजावलं.

“खुंटा म्हणायचा हा,” मी म्हणालो.

“खुंटाच. त्यात अधूनमधून पाणी ओतत जा. पाणी ओतायची हौस असेल तर ती इथं,” तो म्हणाला आणि हौसाकडं बघितलं. मग त्याला तो कापलेला प्लग सापडला. “याचे पाय कुणी तोडले?”

केराप्पा मुद्दाम थांबला होता यंत्र लागेपर्यंत. तो आढ्याकडं बघायला लागला.

रशीदनं नवीन प्लग बसवला. यंत्र भिंतीपासून वीतभर लांब, वर काही नाही, चूल लांब, हे सगळं बघून त्याला नवल वाटलं. खेड्यात लोक टेपावर रुमाल घालतात, त्यावर फुलदाणी ठेवतात, मग तो आत तापून जळतो, असं तो म्हणाला. इथं हे कुणी सांगितलं?

“पुस्तकात होतं,” मी म्हणालो.

त्यानं पुस्तक मागितलं. दोन पानं चाळली. “हे कुणी वाचलं?”

“मी,” असं मी, शालन आणि केराप्पा तिघंही एकदमच म्हणालो.

रशीदनं पुस्तकाकडं बघितलं, मग आमच्या तिघांकडं एकेक करून बघितलं. मग पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. “असंच वाचत जा,” तो म्हणाला आणि हत्यारं गोळा केली.

पाचव्या दिवशी सकाळी यंत्र चालू करायचं ठरलं. गावाला बातमी लागली होती. पन्नासएक माणसं अंगणात. शाळेचे हेडमास्तर खुर्चीवर, समितीचे सगळे सदस्य सतरंजीवर. मी पाळण्याजवळ बसलो, नात मांडीवर. आवाजाची एक पेटी गोठ्याच्या बाजूला ठेवली होती, एक स्वयंपाकघराच्या दाराशी, म्हणजे हौसाला भाकऱ्या करताना ऐकू यावं. रशीदनं दाखवलं होतं तसं शालननं आवाजाचं चाक अगदी खाली ठेवलं, कॅसेट घातली, बटण दाबलं.

खरखर झाली. मग बिराचा आवाज आला. बारीक, पण स्वच्छ. हौसानं पदर डोळ्याला लावला.

“आबा, नमस्कार. आई, नमस्कार. ही कॅसेट तुम्ही आत्ता शालनच्या माहेरी, मामांच्या लहान टेपवर ऐकत असाल. माझ्या दोस्ताला मी तसा निरोप द्यायला सांगितलंय, की यंत्र उघडायच्या आधी ही ऐका. घरातल्या माणसांनीच ऐका.”

आम्ही एकमेकांकडं बघितलं. दोस्त एसटीसाठी पळाला होता.

“आबा, यंत्राचं पुस्तक सगळं इंग्रजीत आहे. तुम्हाला तर मराठीही वाचता येत नाही.”

अंगणात कुणीतरी खोकलं.

“तुम्ही कुणाला सांगितलं नाही, पण मला तिसरीपासून ठाऊक आहे. मी माझं प्रगतिपुस्तक दाखवलं आणि तुम्ही हुंकार देऊन शाबास म्हणालात. मी तीन विषयांत नापास होतो.”

केराप्पा उठला. तो माझी अब्रू वाचवायलाच उठला असावा. खरं सांगतो, माणूस वाईट नव्हता. त्यानं यंत्र थांबवायला एक चाक फिरवलं. ते आवाजाचं निघालं. पुढचं वाक्य मारुतीच्या देवळापर्यंत गेलं.

“मामांना इंग्रजी येतं असं ते म्हणतात, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. ते चष्मा विसरलो म्हणतील.”

केराप्पानं चाकावरचा हात काढून घेतला.

“शालनलाही इंग्रजी येत नाही. ती पाचवीत एबीसीडी शिकली आणि सातवीत विसरली. म्हणून मी सगळं तोंडानं सांगतोय. लांबून आलंय, तर एक दिवस नुसतं ठेवा. भिंतीला चिकटवू नका. वर आईचा पोपटांचा रुमाल घालू नका. तीन पायांचा प्लग मामा कापतील, कापू देऊ नका, वायरमनला बोलवा. आणि आबा, सगळ्यात महत्त्वाचं. आईला सांगा, त्याचे पाय धुऊ नको.”

आधी हसले ते हेडमास्तर. मग सतरंजी हसली. मग अख्खं अंगण. हौसा तोंडाला पदर लावून आत पळाली, पण एक पेटी तिच्या दाराशीच होती, तिला तिथंही सुटका नव्हती.

मी शालनकडं बघितलं. ती पाळण्याची दोरी हातात घेऊन पायाच्या बोटांकडं बघत होती. म्हणजे तिला त्या ओळीतलं काहीच कळलं नव्हतं. म्हणजे तिनंही म्हैसच वाचली होती.

“शालन,” मी म्हणालो.

“तुमचं बोट पानावर नुसतं फिरत होतं, मामा,” ती हळूच म्हणाली. “आणि दादा तर ऐकत नव्हते.”

ती बापाला दादा म्हणायची. केराप्पानं ते ऐकलं. खिशातलं एक पेन काढून त्यानं उगाच टोपण उघडलं आणि परत लावलं.

कुणीतरी म्हणालं की बंद करा. मी म्हणालो, राहू दे. आता झाकायचं काही उरलं नव्हतं, आणि माझ्या मुलाचा आवाज मी आठ महिन्यांनी ऐकत होतो. हसणं हळूहळू विरलं. बिरा आता लेकीशी बोलत होता. तुला कधी बघीन ते माहीत नाही, असं म्हणाला. तुझी आई बरी आहे का, असं त्या तान्ह्या पोरीलाच विचारलं. शेवटी म्हणाला, “तू शाळेत जायला लागलीस की आबांना शिकव. दुसऱ्या कुणाकडून ते शिकायचे नाहीत.”

खट् करून यंत्र थांबलं. मांडीवरची माझी मास्तरीण झोपली होती.

शाळा समितीच्या पुढच्या बैठकीत मी राजीनामा द्यायला उभा राहिलो. हेडमास्तर म्हणाले, त्याची गरज नाही. गेल्या वर्षीच दोन सदस्यांनी अध्यक्ष बदलायचा ठराव आणला होता, आणि तो मी स्वतः सही करून मंजूर केला होता. त्यांना माझं मन मोठं वाटलं होतं, म्हणून त्यांनी तो परत घेतला. सगळे हसले, मीही हसलो. त्यानंतर प्रत्येक कागद ते आधी मोठ्यानं वाचायचे आणि मग माझ्यापुढं ठेवायचे.

वैजू सहा वर्षांची झाली आणि तिनं पाटी माझ्यापुढं ठेवली. अ अननसाचा. अननस मी तोवर पाहिला नव्हता, तिनंही नव्हता. ‘म’वर आलो तेव्हा माझ्या सहीतलं पहिलं अक्षर मला ओळखू आलं आणि मी दिवसभर ते गावात शोधत हिंडलो. एसटीवर सापडलं, ग्रामपंचायतीवर सापडलं, मारुतीच्या देवळावर सापडलं. एवढी वर्षं ते मला बघत होतं. ती दुसरीतून तिसरीत गेली आणि मी तिच्या मागोमाग. आज तुम्ही वाचताय ते मीच लिहिलंय. वेलांट्या तेवढ्या तिनं तपासल्यात.

यंत्र अजून चालतं. गेल्या वर्षी वैजू कॉलेजातून सुटीला आली, तेव्हा त्याची धूळ झाडताना तिला ते पुस्तक सापडलं. तिला इंग्रजी येतं. मी तिला म्हणालो, यात एका पानावर पिवळा डाग आहे, ती ओळ वाच. तुझ्या आईनं तिथं बोट ठेवलं होतं.

डाग तसाच होता, बोटाच्या रेषांसकट. वैजूनं वाचलं आणि मला मराठीत सांगितलं. “दोन्ही स्पीकर ऐकणाऱ्यापासून सारख्या अंतरावर ठेवावेत.”

मी ओसरीकडं बघितलं. एक पेटी गोठ्याच्या अंगाला, एक स्वयंपाकघराशी. वीस वर्षं आम्ही सगळ्या पुस्तकातली तीच एक ओळ मोडत आलो होतो, आणि बोट नेमकं तिच्यावर ठेवलेलं. मी उठलो, गोठ्यातून दावं आणलं, आणि माझ्या बसायच्या जागेपासून इकडं मोजलं, तिकडं मोजलं. गोठ्याकडची पेटी अलीकडं ओढायला लागलो.

हौसा भाकरी टाकून बाहेर आली. म्हशींना आता कसं ऐकू येणार, असं विचारलं.

“पुस्तकात लिहिलंय तसं करतोय,” मी म्हणालो.

“कुठं लिहिलंय? दाखवा.”

मी पिवळ्या डागावर बोट ठेवलं. तिनं पिठाच्या हातांनी पुस्तक घेतलं, हात लांब करून धरलं, डोळे बारीक केले आणि बराच वेळ बघितलं.

“हो,” ती म्हणाली. “हे बरीक खरं आहे.”